खालचा डावा कोपरा

तो तिच्या जिन्याखाली आडवा पडलेला होता.

दातांच्या दवाखान्याचं काचेचं दार ढकलून ती आत आली आणि दारातच थबकली. जिना तिने स्वतःच्या हातांनी बांधलेला, आणि त्याच जिन्याच्या पायथ्याशी एक तरुण माणूस पाठीवर पसरलेला... हात छातीवर, डोळे सताड उघडे! पायरी निसटली असणार. नाहीतर कठडा हलला असणार. आता मामाला काय तोंड दाखवायचं? हातातली हत्यारांची पिशवी तिथेच टाकून ती धावली आणि त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"अहो! कुठे लागलं? हलू नका... पाय जाणवतायत का?"

"श्श," तो म्हणाला. "उजेड जाईल."

तेव्हा कुठे तिला त्याच्या छातीवरचा कॅमेरा दिसला.

"म्हणजे तुम्ही पडला नाहीत?"

"पडलोय. पण स्वतःहून." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "जरा सरकता का? तुमची सावली पहिल्या पायरीवर येतेय. आणि ती पायरी... तुम्ही बघा तरी एकदा!"

त्या पायरीला रंधा मारता मारता तिचे तळवे सोलवटून निघाले होते. तरी ती निमूट सरकली आणि नव्याने पाहावं तसं पाहू लागली. दुसऱ्या कोणी आपल्या कामाकडे बोट दाखवलं की कोणाला मोह होत नाही!

"वरच्या सगळ्या पायऱ्या सारख्या," तो पडल्या पडल्याच सांगत होता, "आणि ही एकटी पसरट, जराशी बाहेर झुकलेली. वर निघालेला माणूस इथे क्षणभर थबकतो. दात काढायला निघालेल्या माणसाला थबकायला जागा नको? आणि हा खालचा कठडा बघा, मोठ्या कठड्याखाली दुसरा, लहान मुलांच्या उंचीचा. ज्याने हा जिना केलाय ना, त्याला लाकूड कळतंच, पण माणसं जास्त कळतात."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मग भेटा की त्याला," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली.

"शोधलं ना! मी आलो होतो डॉक्टरांचा फोटो काढायला. त्यांच्या प्रोफाइलसाठी. तो कधीच काढून झाला. जाता जाता विचारलं, जिना कोणाचा? त्यांनी सांगितलं, एक बाई आहेत. मी त्या बाईंचं प्रोफाइल उघडलं, आणि..." त्याने डोळे मिटले. "बाईंनी स्वतःच्याच जिन्यांचं वाटोळं केलंय हो. उभे फोटो धरून आडवे ताणलेत. हा एवढा डौलदार जिना, पण तिथे असा दिसतो की जणू कोणीतरी त्याच्यावर फतकल मारून बसलंय! आणि चेहऱ्याच्या गोलात काय आहे सांगू? अर्धा चेहरा आणि एक कान. तोही भलत्याच कोणाचा तरी!"

"तो माझ्या मामाचा कान आहे," ती म्हणाली.

तो ताडकन उठला. उठताना त्याचं डोकं कठड्याच्या टोकावर असं आपटलं की आतून डॉक्टर बाहेर डोकावले. ती पुन्हा धावली, पण या वेळी कठड्याकडे. हात फिरवून सांधा तपासला आणि मगच तिने विचारलं, "तुम्हाला लागलं का?"

"माझी लायकीच आहे ती," डोकं चोळत तो म्हणाला. आणि हसला. हसताना त्याचा एक गाल आधी हसायचा, दुसरा मागून येऊन सामील व्हायचा. हे तिच्या लक्षात राहिलं. का राहिलं, याचा तिने त्या दिवशी विचार केला नाही.

फोटोवरून नावं ठेवून घेण्याची तिची ही पहिलीच वेळ असली, तरी दुखऱ्या जागी बोट लागलं होतं. ती जिनेवाली. लोक तिला त्याच नावाने ओळखायचे. आईच्या पाठचा मामा सुतार, त्याच्याच कारखान्यात भुशात खेळत ती मोठी झाली आणि पुढे त्याच्याच हाताखाली शिकली. आता मामाची मनगटं दुखायची आणि लोक तयार जिने विकत आणायचे. परगावी असलेल्या दादाने तिच्यासाठी एका मोठ्या फर्निचर कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. तिथे जिने पडद्यावर आखायचे, लाकडाला हात लावायचं काम नाही. ती गेली की मामा कारखान्याला कुलूप घालणार, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

एकच आशा होती. शहरात नवं वाचनालय बांधलं जात होतं आणि त्याचे जिने हाताने बनवून घ्यायचे, असं तिथल्या समितीने ठरवलं होतं. समिती आधी सगळ्यांची प्रोफाइलं बघणार, त्यातून निवडक कारागिरांना भेटायला बोलावणार. "काम मिळालं तर इथे, नाहीतर दादाकडे," असं तिने मामाला सांगून टाकलं होतं. मामा रंधा मारत राहिला. रंध्याखाली त्या वेळी लाकूडच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ती त्याने जाताना दिलेलं कार्ड घेऊन त्याच्या ऑफिसात गेली. भांडायला चाललोय, असं ती स्वतःला वाटेत दोनदा बजावत होती.

ऑफिस म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. वर जायला लाकडी जिना, आणि त्याची मधली पायरी अशी करकरायची की खालचा घड्याळवाला मान वर करून बघायचा. खोलीत दोन मोठे पडदे, एक मऊ खुर्ची, एक कडक खुर्ची, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी. कोणाला मधोमध गोल भोक, कोणाला चौकोनी, कोणाला लांबलचक फट.

"हा माझा धंदा," तो म्हणाला. "डॉक्टर, वकील, शिकवणीवाले, सगळ्यांचे फोटो त्यांच्या त्यांच्या प्रोफाइलच्या मापात बेतून देतो. शिंपी कपडे बेततो तसा. हा गोल चेहऱ्याचा. हा चौकोन रोजच्या पोस्टचा. आणि ही पट्टी मागच्या कव्हरची. हिची रुंदी उंचीच्या चौपट. आता तुम्हीच सांगा, जिना या पट्टीत कसा बसवायचा?"

"म्हणून तर ताणला मी!"

"ताणायचं नाही."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच तो हसला नव्हता. "कापायचं, नाहीतर जागा सोडायची. ताणायचं कधीच नाही, ताणलं की खोटं होतं. जागा कमी आहे म्हणून तुम्ही पायरीची उंची वाटेल तशी बदलता का?"

"छे! माणूस अडखळेल ना!"

"बघणाराही अडखळतो."

ती भांडायचं विसरली. आपल्या कामाबद्दल आपण जेवढे हट्टी, तेवढाच हट्टी माणूस समोर भेटला की फार बरं वाटतं. तिलाही वाटलं, आणि लपवायला ती भिंतीवरच्या चौकटी न्याहाळू लागली.

त्याने गोल भोकाची चौकट काढली आणि एक डोळा मिटून त्या भोकातून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. माप घेतोय."

"एवढा वेळ लागतो मापाला?"

"चेहऱ्यावर अवलंबून आहे," तो म्हणाला आणि घाईघाईने चौकट खिळ्याला अडकवायला गेला. ती दोनदा खाली पडली.

मग कामाला सुरुवात झाली, आणि त्याबरोबर रोजच्या तंट्यांनाही. चेहऱ्याचा फोटो काढायला ती बसली की पुतळा व्हायची. "हसा" म्हटलं की दात दुखत असल्यासारखा चेहरा करायची. शेवटी त्याने कॅमेरा बाजूला ठेवल्यासारखं केलं आणि सहज विचारलं, "खिळा न मारता पायरी बसते कशी हो?" झालं! ती सांगत सुटली. हातवारे करून खाच दाखवली, पाचर दाखवली, पाचर जरा जास्त ठोकली तर काय अनर्थ होतो तेही दाखवलं. मध्येच क्लिक असा आवाज झाला.

"अहो, केसांत पेन्सिल आहे माझ्या! आणि भुसापण!"

"राहू दे. तुम्ही खरंच काम करता, हे सांगायला मला निराळा मजकूर लिहायला नको."

फोटोत ती सुंदर दिसत होती. हे तिने कबूल केलं नाही, पण घरी जाऊन मामाला तीनदा दाखवलं.

दुसरा तंटा पोस्टच्या चौकोनावरून झाला. तिला अख्खा जिना हवा होता. त्याने उचलला फक्त खालच्या, मुलांच्या कठड्याचा हातभर तुकडा.

"एवढासा? माझी वर्षाची मेहनत आणि तुम्ही एक दांडा दाखवणार?"

"नीट बघा. हा दांडा वरच्या कठड्यापेक्षा जास्त चकाकतोय. पॉलिशने नाही. घाबरलेल्या पोरांनी घट्ट धरून धरून." त्याने चित्र आणखी मोठं केलं. "आणि इथे एकाने पेन्सिलने दाताचं चित्र काढलंय. रडवेल्या तोंडाचं."

तिने वाकून पाहिलं. खरंच की. हाताखालून गेलेला तो दांडा, पण तो इतक्या मुठींत जाऊन आला असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचं काम तिच्यापेक्षा त्याला जास्त दिसतं, असं तिला वाटलं. त्याचा तिला जरासा राग आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी आलं.

त्या दिवशी जाता जाता तिने पिशवीतून पाचर आणि हातोडी काढली आणि त्याच्या जिन्याची करकरणारी पायरी गुपचूप नीट करून टाकली. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली तेव्हा तो दचकला. तोंडात बिस्किट, केस अस्ताव्यस्त.

"तुम्ही पायरी दुरुस्त केलीत?" तो तक्रारीच्या सुरात म्हणाला.

"आभार मानायची ही नवी पद्धत वाटतं!"

"नाही म्हणजे... पायरी छानच झालीय. पण ती करकरायची तेव्हा मला जरा वेळ मिळायचा."

"कशाला?"

"केस नीट करायला."

ती पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली. त्याने तोंडातलं बिस्किट घाईघाईने संपवलं. खालच्या दुकानातल्या सगळ्या घड्याळांनी तेवढ्यात एकदम ठोके द्यायला सुरुवात केली, म्हणून बरं.

राहिलं होतं कव्हर. दवाखान्याला सुटी होती त्या सकाळी दोघं तिथे गेले. उंच खिडकीतून ऊन तिरकं आत येत होतं, पण पहिली पायरी अंधारात राहत होती, आणि ती पायरी सोडून फोटो काढायला दोघांपैकी एकही जण तयार नव्हता. मग त्याने कॅमेरा तिवईवर लावला, तिला मधल्या पायरीवर कठड्याला हात ठेवून उभं केलं, आणि स्वतः एक पांढरा पुठ्ठा घेऊन जिन्याच्या डाव्या कडेला वाकून बसला. पुठ्ठ्यावर पडलेलं ऊन पायरीवर परतवायला.

"अहो, तुम्ही फोटोत येताय!"

"खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे मी. तुमचा चेहऱ्याचा गोल कव्हरच्या त्याच कोपऱ्यावर येऊन बसतो. त्याच्यामागे जे असेल ते कोणालाही दिसत नाही. एका वकिलाने तिथे आपल्या ऑफिसची पाटी ठेवली होती. बिचाऱ्याला वर्षभर कळलं नाही की ती कोणीच वाचलेली नाही."

"तुम्ही दिसलात तर काय बिघडेल?"

"ज्याचं काम, त्याच्या फोटोत आपण यायचं नाही. धंद्याचा नियम आहे," तो म्हणाला. "आता खिडकीकडे बघा. कॅमेरा आपला आपण टिपत राहील."

ती खिडकीकडे बघत राहिली. कॅमेरा टिपत राहिला. त्या सकाळी ती फार सुखात होती, आणि का ते आता तिला पक्कं ठाऊक होतं.

प्रोफाइल तयार झालं आणि मामाने मोबाइल हातात घेतला. मामाचा अंगठा सुताराचा, जाडजूड. सांधा नीट बघायला म्हणून त्याने कव्हरवर अंगठा टेकवला, मोबाइल नाकाशी नेला आणि बराच वेळ निरखत राहिला.

"काय मामा, कसा आलाय?"

"जिना उत्तम," मामा म्हणाला. "त्या आडव्याची पाठ दुखली असेल मात्र." पहिल्या भेटीची हकिगत ऐकल्यापासून मामा त्याला आडवाच म्हणायचा.

"त्याची पाठ? त्याचं काय मध्येच?"

"काही नाही. तू कठड्याकडे बघ," मामाने मोबाइल परत दिला आणि मिशीतल्या मिशीत हसत भुसा झाडायला निघून गेला. मामाचं हे नेहमीचंच, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

आठवडाभरात समितीचं बोलावणं आलं. ती धावतच त्याच्याकडे गेली. तो इतका खूश झाला की खुर्चीवरून उठताना गुडघा टेबलावर आपटून घेतला. मग तिने सांगितलं. काम मिळालं नाही तर महिनाअखेरीस दादाकडे जायचं. मामाचा कारखाना बंद. इथलं सगळंच... बंद.

ती थांबली. दोनच तर शब्द हवे होते तिला. जाऊ नका, एवढेच. त्याने पुठ्ठ्याची पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"मिळेल तुम्हाला," तो म्हणाला. "आणि नाही मिळालं तरी... तिथेही फोटो लागतीलच की. पाठवत जा. मी बेतून देईन."

"हो ना," ती म्हणाली. "सोय झाली."

आणि ती जिना उतरली. नीट केलेली पायरी अजिबात करकरली नाही. ही पायरी आपण उगाच दुरुस्त केली, असं तिला पहिल्यांदा वाटलं. निदान आपण निघून जातोय हे तरी त्याला ऐकू आलं असतं! घरी येईपर्यंत तिने त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या, आणि त्या संपल्यावर रडून घेतलं.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि भिंतीवर मोठा पडदा. समितीच्या अध्यक्ष एक वयस्क वास्तुतज्ज्ञ बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. त्यांनी पडद्यावर तिचं प्रोफाइल उघडलं. आधी त्या दांड्याच्या फोटोवर थांबल्या.

"हा कठडा इतका खाली कोणासाठी?"

 तिला त्याचं बोलणं आठवलं आणि ती बोलू लागली. घाबरलेल्या पोरांच्या मुठींबद्दल, पेन्सिलच्या रडव्या दाताबद्दल, आणि आईने वर ओढत नेण्यापेक्षा मुलाने आपल्या हाताने धरून आपल्या पायांनी चढण्याबद्दल. टेबलावरची कुजबुज थांबली. सगळे ऐकत होते.

"आणि ही पहिली पायरी?" बाई कव्हरकडे वळल्या. "हिचा सांधा बघू दे मला." त्यांनी कव्हरवर क्लिक केलं.

चेहऱ्याचा गोल नाहीसा झाला. नुसतं कव्हर उघडलं, भिंतभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तो होता.

पुठ्ठा त्याने अगदी बरोबर धरला होता. पायरी उन्हाने न्हाऊन निघाली होती. पण तो स्वतः ना पुठ्ठ्याकडे बघत होता, ना पायरीकडे. मान वर करून तो तिच्याकडे बघत होता. त्याचा एक गाल हसत होता आणि दुसऱ्याला हसायचं भानच राहिलं नव्हतं. इतक्या कौतुकाने, इतक्या मायेने आपल्याकडे कोणी बघत असेल, हे तिला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि तेव्हा ती वेडी खिडकीकडे बघत होती!

"हे कोण?" अध्यक्षबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"ते... उजेड धरायला होते."

"उजेड छान धरलाय," बाई म्हणाल्या. "नजर तेवढी आवरली नाही बिचाऱ्याला."

टेबलाभोवती हसू फुटलं. तिचे गाल असे तापले की कुठे बघावं ते कळेना, म्हणून ती पडद्याकडेच बघत राहिली. तिथून तिला नजर हलवायचीही नव्हती.

तिला बाहेर थांबायला सांगितलं. काही वेळाने अध्यक्षबाई स्वतः दारात आल्या. मुख्य जिना फार मोठा होता, तो एका मोठ्या कंपनीकडे जाणार होता. "पण मुलांच्या विभागाचा जिना तुमचा," त्या म्हणाल्या. "त्यावर आमच्यात चर्चाच झाली नाही. कामाला लागा." आणि आत जाता जाता वळून म्हणाल्या, "दोन्ही कामांना."

ती मागच्या गल्लीने गेली, कारण ती वाट जवळची होती. जिना चढली, पायरी गप्प राहिली, दार उघडंच होतं. तो खिडकीशी पाठमोरा उभा होता, पुढच्या रस्त्याकडे डोळे लावून. पायरी करकरत नाही, म्हणून तो आता खिडकीतून तिची वाट बघत होता.

"मुख्य जिना नाही मिळाला," ती म्हणाली.

तो गर्रकन वळला. त्याचा चेहरा असा पडला की तिला पुढचं वाक्य लांबवणं जिवावर आलं.

"मुलांचा मिळाला."

"म्हणजे... तुम्ही जाणार नाही?"

"ते अजून ठरायचंय. कोणी थांब म्हटलंच नाही मला." ती कडक खुर्चीत बसली. "त्यांनी कव्हर उघडलं. पूर्ण."

आधी त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि कानांपर्यंत लाल होऊन तो मऊ खुर्चीत कोसळला. "कव्हर कोण उघडतं? जगात कोणी कव्हर उघडून बघत नाही!"

"ज्यांना सांधा बघायचा असतो ते बघतात. माझ्या मामाने तर केव्हाच बघितलंय, मला आत्ता कळलं."

"मामांनी?" त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तुम्हाला स्वतःला पुसून टाकता आलं नसतं?"

"आलं असतं," तो हातांच्या आडूनच म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत झालं असतं. दिवसभर मी लोकांना सांगतो, नको ते कापून टाका. हे मात्र कापवेना. म्हटलं, तुझ्या गोलामागे राहीन गुपचूप. कोणाला कळणार आहे?"

तुझ्या. तो शब्द दोघांनीही ऐकला.

"आणि मी जाते म्हटलं तेव्हा? पाठवत जा, बेतून देईन? हे बोलायचं होतं?"

"मूर्ख आहे मी." त्याने हात खाली घेतले. "मला वाटलं, मी थांब म्हणेन आणि काम मिळणार नाही. मग तू दोन्हीकडे ओढली जाशील, इकडे मी, तिकडे तुझं पोट. ताणायचं नाही हा माझाच नियम, आणि मीच तुला..." तो थांबला. उठून तिच्यासमोर आला. "पण आता म्हणतो. थांब. जिना नसता मिळाला तरी म्हणायला हवं होतं. मी त्या दिवशी जमिनीवर पडून जिना बघत होतो ना, तेव्हाच तो करणारा माणूस मला आवडला होता. नंतर तू आलीस, आणि माझं डोकं आपटलं, आणि तू आधी कठडा तपासलास... तेव्हापासून मी काही उठलेलोच नाही."

तिला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं, आणि कोणतं आधी आवरावं ते कळेना. तिने हात पुढे करून त्याचे अस्ताव्यस्त केस नीट केले. त्याला आज वेळ मिळालाच नव्हता.

"मलाही तू आवडतोस," ती म्हणाली. "फार. आणि तुझ्या पायरीतली पाचर मी उद्या काढणार आहे. करकरू दे तिला."

 मग तिने भिंतीवरची पट्टीची चौकट उतरवली आणि टेबलावर ठेवली.

"मुलांचा जिना पूर्ण झाला की कव्हरला नवा फोटो लागेल."

"लागेल."

"उजेड कोण धरणार?"

"पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवू."

"मी इथे उभी राहीन, कठड्याशी," तिने चौकटीत उजवीकडे बोट टेकवलं. "आणि तू?"

त्याने टेबलावरच्या चहाच्या कपाखालची गोल बशी उचलली, सवयीने पट्टीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवली आणि जरा वेळ तिच्याकडे बघितलं. मग आपलं बोट आणून तिच्या बोटाला लागून टेकवलं.

"इथे," तो म्हणाला. "गोल इथवर येत नाही."